दर शनिवारी विष

सत्यजित परचुरेने आपल्या पोटच्या पोराला विष दिलं, तेव्हा अमेरिकेतल्या अल्फारेटाच्या त्या पार्कमध्ये चांगली वीस-पंचवीस माणसं हजर होती. कोणी शेडखाली मक्याची कणसं भाजत होतं, कोणी कुत्रा फिरवत होतं, आणि बेचाळीस वर्षांचा सत्यजित, ज्याचे गुडघे त्याच्याहून बरेच वयस्कर होते, सहा वर्षांच्या कुशच्या मागे धावत होता. शेवटी एकदाचा त्याने कुशला गाठला, पाठीवर थाप मारली आणि अख्ख्या पार्कला ऐकू जाईल असा ओरडला, "विष!" कुश होता तिथे, होता तसा, एक पाय पुढे आणि हात पसरलेले अशा अवस्थेत थांबला.

ज्यांनी लहानपणी विषामृत खेळलंय त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. ज्याच्यावर राज्य असतं तो इतरांना शिवतो आणि 'विष' म्हणतो. विष मिळालेल्याने तसूभरही हलायचं नाही. दुसऱ्या कुणा गड्याने येऊन 'अमृत' म्हणत शिवलं की तो सुटला. राज्य असलेल्याला मात्र कुणाला अमृत देता येत नाही. विष दिल्यावर अमृत द्यायला दुसरं कोणी जवळ आहे का, एवढं सत्यजितने बघितलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि सगळे घरी जाऊन पिठलं-भात जेवले असते.

विषामृताची पाळी मुळात आली ती सत्यजितच्या एका थोर संकल्पामुळे. सुट्टी लागताच त्याने दोन्ही मुलांचे आयपॅड कपाटात बंद केले आणि जाहीर केलं, की या समरमध्ये परचुऱ्यांची मुलं आपले, मातीतले खेळ खेळतील. "जॉर्जियाच्या मातीत?" असं चैत्रालीने विचारलं. बायको असे प्रश्न विचारते म्हणूनच देश मागे राहतो, असं सत्यजितचं मत होतं, पण ते त्याने मनातच ठेवलं.

पहिल्या आठवड्यात लगोरी झाली. लगोरीसाठी सपाट दगड लागतात आणि ते शेजारच्या चारुदत्तच्या अंगणातल्या नव्या फरशीतून आले, हे चारुदत्तला जरा उशिरा कळलं. मग विटीदांडू. सत्यजितने गॅरेजमध्ये बसून स्वतःच्या हाताने विटी तासली. पहिल्याच टोल्याला ती अशी काही सुसाट गेली, की दुसऱ्या दिवशी सबडिव्हिजनच्या, म्हणजे तिथल्या कॉलनीच्या, कमिटीची ईमेल आली: 'दोन्ही टोकांना टोकदार असलेली लाकडी वस्तू' रहिवाशांनी हवेत उडवू नये. सत्यजितला ती ईमेल फार लागली. आपल्या संस्कृतीला कोणी 'वस्तू' म्हणावं! पण त्यामुळे राहिलं ते विषामृत. त्याला ना दगड लागतो ना लाकूड. यात कोण कशाला तक्रार करेल, असं तो चैत्रालीला म्हणालासुद्धा.

तर त्या शनिवारी कुशला विष दिलं आणि तेवढ्यात सत्यजितचा फोन वाजला. ऑफिसातलं काहीतरी बंद पडलं होतं. अमेरिकेत ऑफिसातली यंत्रं बंद पडायला शनिवारचाच मुहूर्त शोधतात. सत्यजित रेंज शोधत पाइनच्या झाडांपलीकडे गेला. चैत्राली आहेच, ती देईल अमृत, असं त्याने गृहीत धरलं. चैत्राली आठ वर्षांच्या नैनाला घेऊन रेस्टरूमकडे गेली होती आणि तिथे लांबलचक रांग होती. सत्यजित आहेच, असं तिने गृहीत धरलं. लग्नाला बारा वर्षं झाली की नवरा-बायको एकमेकांवर असे निर्धास्त होतात.

कुश उभा राहिला. दुसरं कुठलं मूल असतं तर इकडेतिकडे बघून हळूच सटकलं असतं. पण कुशच्या लेखी नियम म्हणजे नियम. शाळेत बाईंनी स्वतः केलेला नियम मोडला तर तो बाईंची तक्रार बाईंकडेच करतो. तो हलला नाही. आभाळ भरून आलं, लांबवर गडगडलं, कणसं भाजणारे कणसं घेऊन पळाले, तरी तो एक पाय पुढे टाकून उभाच.

तेव्हा तपकिरी कुत्रा घेऊन एक आजीबाई त्याच्यापाशी आल्या. त्यांच्यात जे बोलणं झालं ते सत्यजितला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं, पण आपण ते इथे जोडून ऐकू.

"बाळा, तू ठीक आहेस ना?" आजींनी इंग्रजीत विचारलं.

"आय कॅन्ट मूव्ह," कुश म्हणाला. "बाबा गेव्ह मी पॉयझन."

आजींनी कुत्र्याची दोरी घट्ट धरली. "तुझे बाबा तुला पॉयझन देतात?"

"एव्हरी सॅटर्डे. आता समर आहे म्हणून कधी कधी रोज."

"आणि ते बाबाच का देतात?"

"बिकॉज बाबा हॅज द किंगडम," कुशने समजावलं. राज्य बाबांवर आहे, याचं इतकं चोख भाषांतर दुसरं होऊ शकत नाही. "आईकडे औषध आहे. पण ती बाथरूममध्ये आहे. माझ्या बहिणीला पण देतात. पण ती चीटिंग करते, ती हलते."

एवढ्यात वीज कडाडली आणि सत्यजित धावत आला. "चल रे, चल, पाऊस येतोय," म्हणून त्याने कुशला ओढलं. कुशने एकच किंकाळी फोडली. "नो! यू कॅन्ट! यू आर द पॉयझन! मला अमृत पाहिजे! मला आई पाहिजे!" सत्यजितने त्याला गुंडाळलेल्या गादीसारखा काखेत मारला. मुलाने नियमाप्रमाणे हात-पाय तसेच ताठ ठेवले होते, त्यामुळे तो गाडीच्या दारातून आत जाईना. जाता जाता सत्यजितने आजींकडे बघून "किड्स!" असं हसून म्हटलं. आजी हसल्या नाहीत. त्या गाडीच्या नंबर प्लेटकडे बघत होत्या, आणि तिच्यावर सत्यजितने मोठ्या हौसेने आपलं आडनाव लिहून घेतलेलं होतं.

सोमवारी दाराला एक कार्ड अडकवलेलं सापडलं. डेकेअरची जाहिरात असेल म्हणून सत्यजित ते कचऱ्यात टाकणार होता, पण चैत्रालीने वाचलं. बालकल्याण विभाग. खाली मिस ब्रुक्स असं नाव आणि 'कृपया संपर्क करा'. सत्यजितच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने फोन लावला. मिस ब्रुक्सचा आवाज फार गोड होता आणि त्यामुळे त्याला जास्तच भीती वाटली. तुमच्या मुलांबद्दल एक काळजीची बाब आमच्यापर्यंत आली आहे, मी उद्या संध्याकाळी येते, असं तिने सांगितलं. कुठली बाब? ते समोरासमोरच बोलू, असं ती म्हणाली.

ही समोरासमोरची भानगड फार वाईट. कशाबद्दल ते माहीत असतं तर माणूस तेवढ्यापुरता घाबरतो. माहीत नसलं की सगळ्याच बाबतीत घाबरावं लागतं. सत्यजितला वाटलं, विटी. चैत्राली सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "माझं ओरडणं असणार. परवा मी बाल्कनीतून नैनाला म्हटलं, आता खाली गेलीस तर तंगडं मोडून हातात देईन. कोणीतरी गुगल ट्रान्सलेट केलं असेल रे."

मग ती उठली आणि नैनाची वेणी घालायला लागली. घातली, सोडली, परत घातली. नैना "आई, आय ॲम डन," म्हणत होती, पण चैत्रालीचे हात तिच्या केसांतून निघत नव्हते. सत्यजितला ते बघवेना. मुलं घेऊन गेले तर? हा प्रश्न दोघांच्याही मनात होता आणि दोघांपैकी कोणीही तो तोंडातून काढला नाही.

तो काढला शेजारच्या चारुदत्तने. चारुदत्त अल्फारेटात एवढी वर्षं राहतोय, की गावातला प्रत्येक सिग्नल आपल्याला विचारून बसवला असं त्याला वाटतं. सत्यजितने त्याला कुणालाही न सांगण्याची शपथ घालून बोलावलं होतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सबडिव्हिजनमधल्या एकूण एक मराठी घराला बातमी होती.

"सगळ्यात आधी फ्रिज," चारुदत्त म्हणाला. "ते लोक फ्रिज उघडून बघतात. माझ्या मेव्हण्याच्या ऑफिसातल्या एकाकडे आले होते. दूध पाहिजे. दूध कमी दिसलं की मुलं घेऊन गेलेच म्हणून समज."

"वकील?" सत्यजितने विचारलं.

"वकिलाशिवाय एक शब्द बोलू नकोस. पण गप्प बसलास तर त्यांना वाटेल काहीतरी लपवतोयस. तेव्हा बोल, पण काही सांगू नकोस."

चारुदत्तची मुलगी इला तिथेच उभी होती. ती इथेच जन्मलेली आणि खरोखरीची वकील, पण पेटंटची. ती म्हणाली, "काका, जस्ट टेल द ट्रुथ. दॅट्स इट." सगळ्यांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. इथे वाढलेल्या मुलांना जगाचं काही कळत नाही, असं चारुदत्तने तिच्या देखतच सांगितलं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळला.

त्यानंतर जी रीघ लागली ती थांबेचना. जो तो दूध घेऊन. कोणी गॅलनचा कॅन, कोणी दोन. एकाने केळी आणली, एकाने स्मोक अलार्म आणला आणि स्टुलावर चढून स्वतः बसवून दिला. कोणी चैत्रालीला जवळ घेऊन नुसतंच बसलं. एरवी गणपतीच्या वर्गणीवरून तोंडं फिरवणारे लोक आपल्या किचनमध्ये खांद्याला खांदा लावून उभे आहेत, हे बघून सत्यजितला भरून आलं. दुधाला जागा करायला फ्रिजमधली भाजी, आमटी, भिजवलेली कडधान्यं, सगळं चारुदत्तच्या घरी गेलं. आता फ्रिज उघडला की वरपासून खालपर्यंत पांढरंशुभ्र दूध दिसत होतं. चारुदत्तने दोन पावलं मागे जाऊन त्या दृश्याला मान डोलावली.

मग घरातली धोकादायक चीज लपवायची मोहीम निघाली. डांबराच्या गोळ्या गेल्या, फिनेल गेलं. किचनच्या कोपऱ्यात चैत्रालीची विळी होती, सासूबाईंनी कऱ्हाडहून बॅगेत घालून आणलेली. चारुदत्त तिच्याकडे बघून दचकलाच. "हे पहिलं नजरेआड कर!" त्याने विळी उचलली आणि स्वतःच वर घेऊन गेला. कुठे ठेवली ते विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी मिस ब्रुक्स आली. पस्तिशीची, शांत डोळ्यांची, कृष्णवर्णीय बाई. दारात सत्यजितने हात जोडले, मग हात पुढे केला, मग दोन्ही एकदम केलं. मुलांशी आधी एकेकट्याशी बोलायचंय, असं ती म्हणाली. नैना गेली, मग कुश गेला. सत्यजित आणि चैत्राली खाली बसून वरचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होते. मध्येच कुश खूप उत्साहाने काहीतरी सांगताना ऐकू आला. तो एवढा खुलून कुणाशी बोलत नसे, त्यामुळे सत्यजितला जरा बरं वाटलं.

मिस ब्रुक्स खाली आली ती चेहऱ्यावर काहीही न दाखवता. तिने फ्रिज बघू का विचारलं. सत्यजितने पडदा उघडावा तसा तो उघडला. ती बराच वेळ बघत राहिली.

"मिस्टर पारचूर," ती म्हणाली, "मुलं जेवतात काय?"

"दूध," सत्यजित म्हणाला.

"फक्त?"

"जेवण शेजारी ठेवलंय," चैत्राली घाईघाईने म्हणाली, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिने कपाळाला हात लावला.

त्याच वेळी मागच्या दाराने सरलाकाकू आत आल्या. कोपऱ्यावरच्या घरातल्या सरलाकाकू म्हणजे अख्ख्या गल्लीच्या काकू. 'मी बघते त्या बाईकडे' असं त्या कालपासून म्हणत होत्या. त्यांच्या हातात स्टीलचा पेला होता आणि पेल्यात त्यांचा अडुळशाचा काढा. शनिवारी पोरगं भिजलं ना, म्हणून. "कुश, बाळा, ये, पटकन पिऊन टाक बघू," त्या म्हणाल्या. कुशने पेल्यात डोकावून बघितलं, मागे सरकला आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "नो, प्लीज! धिस इज रिअल पॉयझन!"

'रिअल' या शब्दावर मिस ब्रुक्सने मान वर केली.

मग मुलांची खोली बघणं आलं. खोली छान आवरलेली होती. तिने पुस्तकं बघितली, खिडकीची कडी बघितली आणि शेवटी खाली वाकून कुशच्या पलंगाची चादर उचलली. पलंगाखाली एक लाकडी पाट होता आणि पाटाला वाकडं, लखलखीत पातं होतं.

"हे काय आहे?"

"हे नारळासाठी," सत्यजित म्हणाला. खरं म्हणजे पात्याच्या टोकाला खवणी होती आणि ती दाखवली असती तर पटलं असतं. पण तो हवेत नारळ धरल्यासारखे हात करून उभा राहिला.

"नारळ पलंगाखाली ठेवता?"

पृथ्वी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं सत्यजितला वाटलं, पण जॉर्जियाची पृथ्वी ढिम्म राहिली.

सगळे खाली येऊन बसले. मिस ब्रुक्स म्हणाली, "मला तुमच्याकडून काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. मुलगी म्हणते, आई तिचा पाय तोडून तिच्या हातात देणार आहे."

"ती बोलायची पद्धत आहे," चैत्राली रडवेली होऊन म्हणाली. "आजवर कोणीच कुणाला दिलेला नाही."

"तेच तीही म्हणाली. आईला वेळ नसतो, म्हणाली. आणि तुम्ही बायकोचं डोकं खाता?"

"ते खरं आहे," चैत्राली एकदम म्हणाली, आणि त्या सगळ्या वेळात मिस ब्रुक्सच्या ओठाचा कोपरा पहिल्यांदा जरासा हलला. पण लगेच ती गंभीर झाली. ती पुढे झुकली.

"मिस्टर पारचूर, आता नीट ऐका. तुम्ही मुलाला दर शनिवारी विष देता, असं मुलाचं म्हणणं आहे. तक्रारही तीच आहे."

मग सत्यजितच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला आणि त्याला हसू फुटलं. अशा वेळी हसणं किती वाईट ते त्याला कळत होतं, पण कालपासून कोंडलेली सगळी भीती त्या हसण्यातून बाहेर पडत होती, आणि शेवटी शेवटी ते हसणं आहे की रडणं ते त्यालाही सांगता आलं नसतं. "विषामृत!" तो म्हणाला. "इट्स अ गेम! राज्य! शिवाशिवी! मॅडम, इट्स ओन्ली अ गेम!"

"मग दाखवा," मिस ब्रुक्स म्हणाली.

सगळे मागच्या अंगणात गेले. कुंपणापलीकडे चारुदत्त झाडांना पाणी घालायचं सोंग करत होता. सकाळपासून तो त्याच झाडाला पाणी घालत होता आणि झाड बिचारं आडवं व्हायला आलं होतं. गडी कमी पडतात म्हणून त्याला बोलावलं, इलाला बोलावलं. सरलाकाकूंनी ओढणी कमरेला खोचली. राज्य सत्यजितवर. कुशने मिस ब्रुक्ससमोर उभं राहून सगळे नियम सांगितले आणि शेवटी म्हणाला, "अंगणात उभं असेल तो खेळात आहे. यू टू."

"मी ड्युटीवर आहे," ती म्हणाली.

"दॅट्स नॉट इन द रूल्स," कुश म्हणाला.

खेळ सुरू झाला. सत्यजितने चारुदत्तला विष दिलं तेव्हा त्याच्या मनाला जी शांतता मिळाली ती शब्दांत सांगता येणार नाही. इला गोठली, नैना गोठली आणि गुपचूप दोन पावलं पुढे सरकली, सरलाकाकू मात्र हाती लागेनात. होता होता सत्यजित मिस ब्रुक्ससमोर येऊन थबकला. सरकारी माणसाला शिवायचं कसं? तो अदबीने वाकला आणि बोटाच्या टोकाने तिच्या बाहीला शिवत म्हणाला, "एक्स्क्यूज मी. विष."

मिस ब्रुक्स थांबली. एका हातात टॅब्लेट, दुसरा हात अर्धवट वर, तशीच थांबली. कुंपणावरून एक खार गेली तरी तिने मान वळवली नाही. मग कुश सत्यजितला हुलकावणी देत, हिरवळीवर सपशेल आडवा पडून, परत उठून तिच्यापर्यंत पोहोचला आणि दोन्ही हातांनी तिला शिवत बेंबीच्या देठापासून ओरडला, "अमृत!"

"आता मी हलू शकते?" तिने विचारलं.

"येस. आता तू मरू शकत नाहीस. एव्हर."

ती हसली. अगदी मोकळं हसली. चैत्राली पायरीवर बसली आणि ओढणीत तोंड लपवून रडली. सरलाकाकूंनी काढ्याचा तोच पेला तिच्या हातात दिला.

जाताना मिस ब्रुक्स सत्यजितला गाडीपाशी बाजूला घेऊन म्हणाली, "मला समजलं. मी तसं कळवेन. केस बंद होईल." सत्यजित आभार मानू लागला तर तिने हात वर केला. "एक विचारायचं आहे. तो किती वेळ तिथे एकटा उभा होता?"

सत्यजितने तोंड उघडलं. फोनवर कोण काय बोललं ते त्याला शब्दन्‌शब्द आठवत होतं. "मला माहीत नाही," तो म्हणाला.

तिने फक्त मान हलवली आणि ती गेली.

पत्र आलं. तक्रारीत तथ्य आढळलं नाही, असं त्यात होतं. चैत्रालीने त्या सगळ्या दुधाची बासुंदी केली. घरातली सगळी पातेली कमी पडली, शेजारून मागावी लागली. दोघं घरोघर डबे घेऊन गेली आणि प्रत्येक दारात सत्यजितला काय बोलावं ते सुचेना, म्हणून तो "गोड कमी आहे का बघा," एवढंच म्हणत राहिला. चारुदत्त मात्र ज्याला त्याला सांगत होता, की केस दुधामुळे सुटली.

सगळं निवळलं आणि मग सत्यजितला राग आला. भीती असताना राग येत नाही, त्याला जागाच नसते. आता तो ऐसपैस येऊन बसला. आपण कर भरणारे, शाळेत व्हॉलंटियरिंग करणारे, लायब्ररीची पुस्तकं मुदतीआधी परत करणारे. आणि पार्कमधल्या त्या कुत्रावाल्या बाईने आपल्याला काही न विचारता फोन फिरवावा? त्याने मनात एक भाषण तयार केलं. संयमी, धारदार, इंग्रजीत. दाढी करताना तो ते म्हणून बघायचा. त्यात 'डिग्निटी' हा शब्द तीनदा यायचा.

पार्कमध्ये परत पाऊल टाकायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. चैत्राली म्हणाली, "म्हणजे पोरांनी काय घरात कोंडून राहायचं?" आणि शनिवारी त्याला घेऊन गेली. गेल्या गेल्या कुश ओरडला, "बाबा! दॅट्स हर! ती डॉगवाली आजी!"

बाकावर त्या बसल्या होत्या. पायाशी तपकिरी कुत्रा. सत्तरी केव्हाच ओलांडलेली बाई, हाताला थोडा कंप. सत्यजित खांदे ताठ करून चालत गेला. पण त्याने तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "मी तुम्हाला ओळखलं. फोन मीच केला होता. तुम्हाला ते कळायला हवं."

"तो खेळ होता," सत्यजित म्हणाला. भाषणाची सुरुवात अशी नव्हती.

"असं होय. देवाची कृपा." त्यांनी खरोखरच छातीवर हात ठेवला. "मी आठवडाभर नीट झोपले नाही. तो हलतच नव्हता हो. विजा चमकायला लागल्या. मी म्हटलं, चल, शेडखाली जाऊ. तो म्हणाला, मी हललो तर मरेन. थरथरत होता, पण हलत नव्हता. त्याला उचलावं तर माझ्या हातात तेवढी ताकद नाही. मग मी त्याच्याजवळ उभी राहिले."

"एवढ्या विजांमध्ये?" चैत्रालीने विचारलं.

"वीज उंच असेल त्याच्यावर पडते म्हणतात," आजी म्हणाल्या. "मी त्याच्यापेक्षा उंच आहे."

त्यांनी ते अगदी साध्या आवाजात सांगितलं आणि कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा सारखा केला. कुश त्या कुत्र्याशी खेळायला लागला होता. सत्यजितला भाषणातला एकही शब्द आठवेना. आपण झाडांपलीकडे फोनवर बोलत होतो तेव्हा आपल्या पोराच्या शेजारी, त्याच्यावर पडणारी वीज आपल्यावर घ्यायला, ही नाव-गाव माहीत नसलेली म्हातारी उभी होती. चैत्रालीने वाकून त्यांच्या पायांना हात लावला, आणि आजी घाबरून पाय वर घेत विचारू लागल्या, काही पडलं का तुमचं?

"तुम्हाला माझ्यामुळे फार त्रास झाला असेल," त्या म्हणाल्या. "मला वाईट वाटतं. पण खोटं कशाला बोलू? परत तसं दिसलं तर मी परत फोन करेन."

सत्यजित त्यांच्या शेजारी बाकावर बसला. त्याने त्यांचा थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"करा," तो म्हणाला. "प्लीज. नक्की करा."